पंतोजीच्या ओट्यापासून एक आणा पट्टीपर्यंत: मुंबई इलाख्यात सरकारी शाळा कशी आली

प्रश्न असा आहे: ‘इंग्रज येण्यापूर्वी आपल्याकडे शाळाच नव्हत्या, असं लहानपणी शिकलो. हल्ली नेमकं उलट ऐकायला मिळतं, की गावोगाव शाळा होत्या आणि इंग्रजांनी त्या मोडल्या. मुंबई इलाख्यापुरतं बोलायचं तर खरं काय? आणि सरकारी शाळा कधी सुरू झाली?’

गेली पंचवीस वर्षं जुन्या शाळांची दप्तरं वाचणं हाच माझा उद्योग आहे. दाखल-खारीजची रजिस्टरं, शेरेबुकं, हजेऱ्या, आणि जिथे मिळतील तिथे त्याच्याही मागचे मोडी लिपीतले कागद. त्या अनुभवावर सांगतो: दोन्ही म्हणणी अर्धी खरी आहेत, आणि दोन्हींतून एक गोष्ट निसटते. शाळा ‘गावातली’ असणं, ‘सरकारी’ असणं आणि ‘सगळ्यांची’ असणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. मुंबई इलाख्यात, म्हणजे इंग्रजी अमलातल्या मुंबई प्रांतात, पहिली होतीच. दुसरी १८२६ च्या सुमाराला सुरू झाली, पण तिचं सरकारी खातं व्हायला आणखी तीसेक वर्षं गेली. तिसरीवरून १८५६ साली एका मुलाने अर्ज केला तेव्हा सरकारची जी फजिती झाली, तिथे या सगळ्या इतिहासाची गाठ आहे. ते पुढे येईलच.

आधी पंतोजी, म्हणजे इंग्रजांच्या आधीपासूनचा गावातला मास्तर.

पंतोजीची शाळा म्हणजे इमारत नव्हे. देवळाची ओसरी, एखाद्या सावकाराच्या वाड्याची पडवी, नाहीतर पंतोजीचा स्वतःचा ओटा. फळा नाही, छापील पुस्तक नाही, वर्ग म्हणावा असा प्रकार नाही. मूल आलं की लाकडी पाटीवर धूळ पसरायची आणि काडीने अक्षर काढायचं. तीच धूळपाटी. पंतोजी अक्षर काढून देई, मूल त्यावरून गिरवत बसे, चुकलं की हात फिरवून पुसायचं आणि पुन्हा गिरवायचं. हात बसला की बोरू आणि कागद. पण कागद महाग, म्हणून धूळपाटी बरीच वर्षं सुटत नसे. अमावस्या, पौर्णिमा, प्रतिपदा आणि सणवार या सुट्ट्या. फी म्हणजे थोडी रोकड, थोडं धान्य आणि सणासुदीचा शिधा. मुलगा एका टप्प्यावरून दुसऱ्यावर गेला की घरचे काहीतरी जास्तीचं देत. शिक्षा मात्र सढळ हाताने: छडी, उठाबशा, अंगठे धरून ओणवं उभं करणं.

शिकवायचं काय, तर मोडी लिहायला-वाचायला, पत्राचे मायने, जमाखर्च, आणि सगळ्यांत जास्त तोंडी हिशेब. मुलं नुसते पाढे म्हणत नसत. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढे पाठ करत. औट म्हणजे साडेतीन. साडेतीन रुपये मणाने सत्तावीस मण धान्याचे किती? आपण कागद शोधू. औटकी पाठ असलेला दहा वर्षांचा मुलगा ‘औट सत्तावीसे साडेचौऱ्याण्णव’ म्हणून मोकळा होई. आणे-पैशांच्या, शेर-पायलीच्या बाजारात हे किती उपयोगाचं, ते वेगळं सांगायला नको. सावकाराच्या पेढीवर, कुलकर्ण्याच्या दप्तरात लागेल ते सगळं इथे मिळत होतं. भूगोल, इतिहास, व्याकरण, यांपैकी काही नव्हतं, आणि त्याची मागणीही नव्हती.

अशा शाळा किती होत्या? मुंबईच्या कौन्सिलातला प्रेंडरगास्ट याने १८२१ साली लिहून ठेवलंय की आपल्या मुलखात जिथे एकही शाळा नाही असं गाव सापडणं कठीण. ‘गावोगाव शाळा’ म्हणणाऱ्यांचा हा आवडता साक्षीदार. त्यानंतर गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या सरकारने कलेक्टरांकडून माहिती मागवली. १८२९ च्या सुमाराला जी बेरीज पुढे आली तिच्यात इलाख्यातल्या १,७०५ शाळा आणि ३५ हजारांच्या आसपास मुलं आहेत. तेव्हा नोंदलेली लोकसंख्या साधारण ४७ लाख. त्या १,७०५ पैकी ईस्ट इंडिया कंपनीच्या, म्हणजे तेव्हाच्या सरकारच्या, पैशावर चालणाऱ्या शाळा होत्या फक्त २५.

हाच आकडा दोन्ही पक्षांचे लोक वापरतात. एक म्हणतो, पावणेदोन हजार शाळा, केवढ्या तरी! दुसरा म्हणतो, ४७ लाखांत ३५ हजार मुलं, म्हणजे काहीच नाही. या कागदांवर सगळ्यांत बारकाईने काम केलं ते शिक्षणाच्या इतिहासाचे अभ्यासक रा. वि. परुळेकर यांनी, आणि त्यांनी दाखवून दिलं की ही मोजणी कमी भरते. पुष्कळ मुलं घरीच शिकत, ती शाळेच्या आकड्यात येत नाहीत. कलेक्टरांनीही काम सारख्या काळजीने केलेलं नव्हतं. कोणी मनापासून मोजलं, कोणी मामलेदाराकडून आलेलं पुढे ढकललं. मला विचाराल तर आकड्यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न हा, की ओट्यावर बसत कोण होतं? ब्राह्मण, प्रभू, सोनार, वाणी, सधन कुणबी यांचे मुलगे. मुली जवळजवळ नाहीत. महार, मांग, चांभार यांची मुलं ओट्यावर नाहीतच. शाळा गावात होती, गावाची नव्हती.

आता दुसरी गोष्ट, सरकारीपण.

मुंबईत १८१५ साली एक एज्युकेशन सोसायटी निघाली, पण ती प्रामुख्याने गोऱ्या आणि मिश्र वंशाच्या गरीब मुलांसाठी. ‘नेटिव्ह’ मुलांचं काम तिच्यातून वेगळं काढून १८२२ साली दुसरी मंडळी झाली. मराठीत तिला हैंदशाळा-शाळापुस्तक मंडळी म्हणत. १८२७ पासून ती बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी झाली. ही सरकारी कचेरी नव्हे, सरकारचा पैसा घेणारी सभा. कंपनी सरकारला स्वतः शाळा काढायची हौस नव्हती. १८१३ च्या सनदेत साऱ्या हिंदुस्थानासाठी वर्षाला १ लाख रुपये विद्येवर खर्च करावेत असं कलम होतं. पुढची कैक वर्षं ते कागदावरच होतं.

मुंबईत गाडं हललं ते माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनमुळे. १८२३ च्या डिसेंबरातलं त्याचं शिक्षणावरचं टिपण वाचताना लक्षात येतं की हा माणूस पुण्यात राहून गेलेला आहे. देशी शाळा सुधाराव्यात, शाळांची संख्या वाढवावी, छापील पुस्तकं पुरवावीत, अशी त्याची मांडणी. पुण्यात कमिशनर चॅप्लिनने १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली होती आणि खर्च पेशवे विद्वान ब्राह्मणांना वाटत त्या दक्षिणेच्या पैशातून चालवला होता; ब्राह्मणवर्ग बिथरू नये हा त्यातला उघड हेतू. त्याच १८२३ च्या टिपणात एक वाक्य असं आहे की त्यावरून पुढची साठ वर्षं कळतात. मिशनऱ्यांना सगळ्यांत हुशार विद्यार्थी खालच्या जातींत सापडतात, हे एल्फिन्स्टन मान्य करतो, आणि लगेच सावध करतो: आपल्या शिक्षणाने आधी त्यांच्यात मूळ धरलं, तर ते त्यांच्यापलीकडे कधीच पसरणार नाही. म्हणजे सरकारी शाळेच्या दाराची रुंदी शाळा उघडण्याआधीच ठरली होती.

मंडळीपुढे पहिली अडचण मुलांची नव्हती, पुस्तकांची होती. मराठीत गद्य छापील पुस्तक म्हणजे दुर्मीळ चीज. सेक्रेटरी होता कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस, पेशाने इंजिनियर. त्याने जगन्नाथशास्त्री क्रमवंतांसारखे पंडित हाताशी धरले आणि गणित-भूमितीची पुस्तकं मराठीत आणली. त्रिकोण, काटकोन, अपूर्णांक, दशांश हे शब्द आज आपण सहज वापरतो. पण कुणीतरी बसून ते शाळेसाठी ठरवावे लागले, संस्कृतातले काही उचलावे लागले. सदाशिव काशीनाथ छत्रे, म्हणजे बापू छत्रे, मंडळीचे नेटिव्ह सेक्रेटरी. त्यांचं ‘बाळमित्र’ आणि इसापनीतीच्या कथा १८२८ च्या. त्याआधी मराठी मुलाच्या हातात मुलासाठी लिहिलेलं छापील गद्य जवळजवळ नव्हतंच. पंडितांचा कोश १८२९ चा, मोल्सवर्थचा १८३१ चा, दादोबा पांडुरंगांचं व्याकरण १८३६ चं. पाच-सात वर्षांत मराठी भाषेची सारी अवजारं घडली ती मुख्यतः शाळा आणि कचेरी यांच्या गरजेपोटी. पुष्कळशी छपाई शिळाप्रेसवर होई. दगडावर हाताने लिहून छापायचं, त्यामुळे त्या जुन्या प्रतींत लेखनिकाचं अक्षर जसंच्या तसं दिसतं. अशी प्रत हातात आली की मी आधी मजकूर वाचत नाही, अक्षरच बघत बसतो.

दुसरी अडचण शिक्षकांची. मंडळीने मुंबईत माणसं शिकवून तयार केली आणि १८२६ च्या सुमाराला त्यांची पहिली तुकडी दख्खन, कोकण आणि गुजरातेतल्या मोठ्या गावांत पाठवली. सुरत, अहमदाबाद, पुणे अशा ठिकाणी. इलाख्यातल्या सरकारी मराठी-गुजराती शाळांची खरी सुरुवात ही. शिकवण्याची पद्धत लँकेस्टरची, म्हणजे वरच्या मुलाने खालच्या मुलांना शिकवायचं आणि मास्तरने सगळ्यांवर नजर ठेवायची. यात एक गंमत आहे. ही पद्धत इंग्लंडात गाजवणाऱ्यांपैकी अँड्रू बेल मद्रासला होता. तिथल्या देशी शाळेत मुलं वाळूत अक्षरं गिरवताना बघून त्याला ती सुचली, आणि १७९७ साली त्याने तिच्यावर पुस्तक काढलं. पंतोजीचीच पद्धत विलायतेला जाऊन, टोपी घालून, सुधारणा म्हणून परत आली.

या नव्या शाळेत गावकऱ्यांचं मन लगेच रमलं, असं समजू नका. छापील पुस्तक बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत. गावाला हवी मोडी. दुकानदाराच्या पोराला पृथ्वी गोल आहे हे कळून तेलाचा हिशेब जमणार नव्हता. सरकारी मास्तर परगावचा, पगार सरकारचा, गावाचा त्याच्यावर वचक नाही. पंतोजी मात्र शिध्यावर जगणारा. मुलाला औटकी आली नाही तर त्याचाच शिधा बुडायचा. म्हणून पुष्कळ ठिकाणी दोन्ही शाळा शेजारी शेजारी चालल्या. ‘इंग्रजांनी पंतोजी बुडवला’ म्हणणाऱ्यांना मी नेहमी सांगतो, शिक्षणाची चौकशी करणाऱ्या १८८२ च्या हंटर कमिशनपुढे जी माहिती आली तिच्यात मुंबई इलाख्यातल्या गावठी शाळा अजून ४ हजारांच्या घरात आहेत. सरकारने त्यांना मारलं नाही. त्यांतल्या मूठभरांनाच कशीबशी मदत दिली आणि बाकीच्यांकडे पाहिलंही नाही. दुर्लक्षाने मरायला वेळ लागतो; पण माणूस मरतो तसा पंतोजीही त्याने शेवटी मेला.

वेगळा मार्ग दिसला होता तो पुरंदर तालुक्यात. १८३५-३६ च्या आसपास तिथे शॉर्टरीड नावाचा असिस्टंट कलेक्टर होता. त्याने मुंबईहून शिकून आलेल्या महागड्या मास्तरांची वाट न बघता, गावातल्याच माणसांना थोडक्या पगारावर नेमून खेडोपाडी शाळा काढल्या. मोडी, हिशेब, वाचन, एवढंच. मुंबईच्या मंडळींना या शाळा हलक्या वाटल्या. मला तसं वाटत नाही. देशी शाळेला हात धरून पुढे न्यायचं, ही एल्फिन्स्टनची कागदावरची कल्पना प्रत्यक्षात कुणी केली असेल तर ती पुरंदरात. ती पुढे इलाखाभर गेली नाही, कारण वर बसलेल्यांचं लक्ष दुसरीकडे होतं.

ते दुसरीकडे म्हणजे इंग्रजीकडे. १८४० साली सोसायटीचं काम बोर्ड ऑफ एज्युकेशनकडे गेलं. बोर्डावर गोऱ्यांच्या जोडीला जगन्नाथ शंकरशेट, जमशेटजी जीजीभाई आणि महंमद इब्राहिम मकबा हे नेटिव्ह सभासद. १८४३ पासून अध्यक्ष सर एर्स्किन पेरी, हायकोर्टाच्या आधीच्या सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश. पेरीसाहेबांचं म्हणणं, पैसा थोडा आहे, तो वरच्या थरातल्या थोड्यांना उत्तम इंग्रजी शिक्षण देण्यात घालावा, मग ते खाली झिरपेल. जर्व्हिस आता कर्नल झालेला, त्याचं म्हणणं उलट: देशी भाषेतूनच शिकवा, नाहीतर चार इंग्रजी बोलणारे तयार होतील आणि बाकीचा देश होता तिथेच राहील. शंकरशेट जर्व्हिसच्या बाजूने उभे राहिले, आणि हे विसरता कामा नये, कारण त्यांना इंग्रजीचा फायदा कळत नव्हता असं कुणी म्हणू शकणार नाही. १८४७-४८ मध्ये हा वाद चांगलाच तापला. शेवट तडजोडीत झाला: वरचं शिक्षण इंग्रजीत, खालचं मराठी, गुजराती, कानडीत. आपण आजही त्याच तडजोडीत राहतो.

खालच्या शिक्षणासाठी बोर्डाकडे पैसा तुटपुंजा, म्हणून १८५० नंतर बोर्डाने अट घातली: शाळा हवी असेल तर जागा तुम्ही द्या, पुस्तकं तुम्ही घ्या, मास्तरचा निम्मा पगार तुम्ही भरा. ऐकायला वाजवी वाटतं. पण निम्मा पगार भरणार कोण? गावातले चार पैसेवाले. मग शाळेत मुलं कोणाची आणि शाळा कोणाच्या वाड्याजवळ, तेही तेच ठरवणार. पंतोजीचा ओटा पुन्हा उभा राहिला, फक्त वर सरकारी पाटी लागली.

याच काळात बोर्डाबाहेर बरंच काही चाललं होतं. अमेरिकन मिशनने मुंबईत १८१५ ला शाळा काढली आणि १८२४ ला मुलींची. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात मुलींची शाळा सुरू केली, नंतर महार-मांगांच्या मुलामुलींसाठी. मुंबईत स्टुडंट्स सोसायटीच्या तरुणांनी १८४९ ला मुलींचे वर्ग उघडले. सरकार या सगळ्यात कुठे होतं? १८५२ च्या नोव्हेंबरात विश्रामबागवाड्यात फुल्यांचा शालजोडी देऊन सत्कार झाला, दक्षिणा फंडातून काही मदतही मिळाली. शाल दिली, पण सरकारी शाळेत मुली घेतल्या नाहीत. मुलींचा प्रश्न खासगी माणसांनी अंगावर घ्यायचा आणि सरकारने दुरून शाबासकी द्यायची, हा रिवाज तेव्हाचाच.

१८५४ ला शिक्षणाचं धोरण सांगणारा वुडचा खलिता विलायतेहून आला, १८५५ ला इलाख्यात शिक्षणखातं झालं. पहिला डायरेक्टर सी. जे. अर्स्किन, नावात सारखेपणा असला तरी पेरीसाहेबांशी गल्लत करू नका. इथून पुढे आपल्या ओळखीची शाळा दिसायला लागते. १८५७ ला पुण्यात ट्रेनिंग कॉलेज. पुढे कृष्णशास्त्री चिपळूणकर तिथे आले. शिक्षकांसाठी ‘शाळापत्रक’ १८६१ पासून. मेजर कँडीच्या देखरेखीखाली क्रमिक पुस्तकांची माळ निघाली. हे कँडी फार तऱ्हेवाईक गृहस्थ. १८५० मध्ये त्यांनी विरामचिन्हांवर पुस्तक काढलं होतं, आणि मराठी वाक्याच्या शेवटी आपण आज जो बिंदू ठेवतो, मध्ये स्वल्पविराम देतो, ती शिस्त शाळेतून रुजवली त्यांनीच. त्यांच्या नजरेखालून न गेलेलं वाक्य क्रमिक पुस्तकात जाणं कठीण. त्या काळच्या मराठी लेखकांनी त्यांच्या नावाने बोटंही मोडली, आणि त्यांची शिस्त मुकाट्याने पाळलीही.

खेड्यात मात्र खातं म्हणजे डिप्टी. डेप्युटी इन्स्पेक्टर घोड्यावरून किंवा बैलगाडीने यायचा, मुलांना पाढे विचारायचा, वाचन घ्यायचा आणि शेरेबुकात शेरा लिहून जायचा. मास्तरची बढती-बदली त्या चार ओळींवर. कानडी मुलखात तर एक विचित्र गोष्ट होती: धारवाड-बेळगावकडच्या पुष्कळ सरकारी शाळांत मुलं बोलायची कानडी आणि शिकायची मराठी, कारण पेशवाईपासून दप्तराची भाषा मराठी. ते बदलण्यासाठी कानडी शाळा काढत, लोकांना समजावत फिरणारा माणूस म्हणजे डेप्युटी चन्नबसप्पा. आजही धारवाडकडे हे नाव निघालं की म्हातारी माणसं हात जोडतात.

आणि धारवाडलाच १८५६ साली तो अर्ज आला.

एका महार मुलाने तिथल्या सरकारी शाळेत प्रवेश मागितला. मास्तरने घेतलं नाही, म्हणून त्याने सरकारकडे अर्ज केला. मुंबई सरकारचं उत्तर वाचण्यासारखं आहे. तात्त्विक न्याय मुलाच्या बाजूला आहे, यात शंका नाही, असं सरकार स्वतः लिहितं. आणि लगेच पुढे म्हणतं की एकाला घेतलं तर बाकीची सगळी मुलं शाळा सोडतील, सबब घेता येत नाही. एल्फिन्स्टनच्या १८२३ च्या वाक्याचंच हे सरकारी भाषांतर. कलकत्त्याच्या, म्हणजे साऱ्या हिंदुस्थानच्या, सरकारने मात्र १८५७ च्या सुरुवातीला कान टोचले, की बंगालमधल्या कुठल्याही सरकारी शाळेत या मुलाला बहुधा नाकारलं नसतं. मग १८५८ ला विलायतेहून स्पष्ट झालं: सरकारच्या खर्चाने चालणाऱ्या शाळा सगळ्या वर्गांना खुल्या आहेत.

प्रत्यक्षात पुढची कित्येक वर्षं ही मुलं व्हरांड्यात, पायरीवर, दाराबाहेर बसली, हे मी सांगायला नको. तरीही मी या अर्जाला एवढं महत्त्व का देतो? पंतोजीकडे असा अर्ज करता आलाच नसता. ओटा त्याचा, मर्जी त्याची. मिशन शाळेत घेतलं तर ती दया. सरकारी शाळेच्या दारात उभं राहून ‘मला आत घ्या, नाहीतर कारण लिहून द्या’ असं म्हणता आलं, कारण ती शाळा कोणाच्या बापाची नव्हती. सरकारला लेखी लाज वाटायला लावणारा तो पहिला विद्यार्थी. तो आत गेला नाही, पण ‘सरकारी’ या शब्दाचा अर्थ त्याने बदलून ठेवला.

उरला पैसा. १८६३-६४ पासून शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे १ आणा जादा पट्टी बसू लागली, आधी लोकांच्या संमतीने असं म्हणून, आणि १८६९ च्या कायद्याने सक्तीने. त्यातला तिसरा हिस्सा शाळांसाठी. याला लोकल फंड म्हणत. आजोबांच्या पिढीतली माणसं ‘लोकल बोर्डाची शाळा’ म्हणायची, त्याचं मूळ इथे. १८६० नंतर खेड्यापाड्यांत शाळा भराभर वाढल्या त्या या आण्याच्या जोरावर. खजिन्यातून नव्हे, सारा भरणाऱ्या कुणब्याच्या खिशातून. आणि वर्गात कुणब्याची मुलं अजूनही थोडीच.

१८८२ च्या ऑक्टोबरात हंटर कमिशनला जोतीराव फुल्यांनी जे निवेदन दिलं, त्याचा गाभा हाच. पैसा रयतेचा, शिक्षण वरच्यांचं. निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, असं ते मागतात. मास्तर जवळजवळ सगळे ब्राह्मण आहेत, शेतकऱ्यांतले मास्तर तयार करा, वेळ पडली तर नांगराचा रुमणा किंवा सुताराचा वाकस धरायला न लाजणारे. आणि शिकवायचं काय? मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल-व्याकरण, शेतीची प्राथमिक माहिती, नीती आणि आरोग्याचे काही धडे. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा थबकलो. पंतोजीचा मोडी आणि हिशेब, जर्व्हिस-छत्र्यांचा इतिहास-भूगोल, पुरंदरचा गावातलाच मास्तर आणि धारवाडच्या अर्जाचं उघडं दार, सगळं एका यादीत. साठ वर्षं खातं जे जुळवू शकलं नाही, ते एका माळ्याने दोन-चार पानांत मांडून दिलं होतं.

आता तुम्हाला स्वतःच्या गावाचं बघायचं असेल तर एक सांगतो. शाळा शतकापलीकडची असेल, तर मुख्याध्यापकांना जुनं जनरल रजिस्टर दाखवायची विनंती करा. बहुतेक ठिकाणी ते कपाटाच्या तळाला, वाळवीने कडा खाल्लेलं सापडतं. दाखल्यासाठी लोक येतात तेवढ्यापुरतंच ते उघडलं जातं, त्यामुळे सगळे नाव आणि जन्मतारीख बघून मिटून टाकतात. तुम्ही उजवीकडचा रकाना वाचा: ‘शाळा सोडण्याचे कारण’. कोकणातल्या एका शाळेत मी पन्नासेक पानं सलग वाचत बसलो होतो. डावीकडे नाव, जात, बापाचा धंदा, दाखल तारीख, सगळं वळणदार बाळबोधीत. उजवीकडे एकाखाली एक: शेतकाम. गुरे राखण्यास. मुंबईस गेला. शेतकाम. गैरहजर. गुरे राखण्यास. मध्ये एखाद्याच नावापुढे ‘परीक्षा पास’. तो रकाना आणि जातीचा रकाना एकमेकांशेजारी धरून वाचलेत, तर तुमच्या गावात ती शाळा कधी कोणाची होती, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळेल. रजिस्टर हाताळताना पान ओल्या बोटाने उलटू नका. तो कागद आता तुटतो.